धावणारा बाप

"हात जरा बाजूला घ्या, अक्का," असं म्हणून सत्यनारायणनं एका शिक्षिकाबाईंच्या खांद्यावर मापाची टेप धरली, आणि तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाला टेपरेकॉर्डर सुरू झाला.

गिटारचे पहिले चार-पाच सूर वाजले. सत्यनारायणचा हात होता तिथंच थांबला.

नजरबादच्या त्या छोट्या चर्चमध्ये तो क्वायरमध्ये गाणाऱ्यांच्या गाऊनची मापं घ्यायला आला होता. नाताळला दीड महिना होता. एकेकाला बोलवायचं, खांदा, बाही, उंची वहीत लिहायची, आणि दुपारच्या आत दुकानात परतायचं, असा त्याचा बेत. एकीकडे तरुण मंडळींची रविवारची बैठक चालू होती. त्याच्याशी सत्यनारायणला काही कर्तव्य नव्हतं. पण हे गाणं त्याच्या ओळखीचं होतं. इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना त्याला ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ होतं.

सहा वर्षांपूर्वी त्याचा एकुलता एक मुलगा, चिदंबर, दुकानामागच्या खोलीत बसून हेच गाणं टेपवर लावून गिटारवर वाजवत असे. सकाळी तेच, दुपारी तेच. मशीनवर बसायला सांगितलं की "येतो अप्पा" म्हणायचा आणि यायचा नाही. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. एकदा विठ्ठलमंदिरात भजन संपल्यावर कोणीतरी सगळ्यांदेखत म्हणालं, "सत्यनारायणा, तुझ्या घरात आता साहेबाचं भजन चालतं म्हणे!" लोक हसले. सत्यनारायण तिथून उठला तो सरळ घरी आला, कापड बेतायची मोठी कात्री उचलली आणि गिटारच्या सहाच्या सहा तारा कापून टाकल्या.

 तारा नसलेली गिटार चिदंबरनं खोळीत घातली आणि बेंगळूरची बस धरली. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. त्यानंतर बापलेकांची भेट नव्हती. सत्यनारायणची बायको सोयराबाई वर्षातून दोनदा "बहिणीकडे जाऊन येते" म्हणून बेंगळूरला जायची, डबाभर चकल्या घेऊन. ती कोणाकडे जाते ते सत्यनारायणला ठाऊक होतं. त्यानं कधी विचारलं नाही.

"मास्टर, झालं का?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"एक मिनिट, अक्का." त्यानं टेप पुन्हा लावली आणि पुन्हा तो आकडा विसरला.

तिकडे गाणं संपलं होतं. मागच्या बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, "पास्टर, ही असली नाचगाण्याची गाणी देवाच्या घरात कशाला?"

पास्टर देवप्रिय तिशीचा असेल. तो हसला. "बसा अण्णा. मुलं हे गाणं घरी ऐकतातच. ते काय सांगतं ते एकदा आपण मिळून ऐकू या."

मग तो कन्नडमध्ये एकेक कडवं समजावू लागला. कन्नड सत्यनारायणला मराठीइतकीच जवळची. पाठ त्या घोळक्याकडे करून तो बाहीचं माप घेत राहिला, पण कान सगळे मागे.

गाणं घर सोडून निघालेल्या एका माणसाचं होतं. पहिल्या कडव्यात तो म्हणतो, आता मी कोणाचा कोणी नाही, माझ्यासाठी जेवायचं थांबू नका. दुसऱ्यात त्याचे बूट झिजलेत आणि परक्या शहरातले दिवे त्याला ओळख देत नाहीत. तिसऱ्यात तो आपल्या गावाच्या टोकापर्यंत येऊन उभा राहतो. घराच्या खिडकीत उजेड आहे. तिथं शब्द संपतात. पुढं दोन मिनिटं नुसती गिटार.

"मग तो आत जातो का नाही?" एका मुलीनं विचारलं.

"गाणं सांगत नाही," पास्टर म्हणाला. "येशूनं अशीच एक गोष्ट सांगितली, त्यात पुढचं आहे. मुलगा लांब असतानाच बापानं त्याला पाहिलं आणि बाप धावत सुटला. विचार करा, त्या काळातला मानाचा म्हातारा माणूस. धावायचं म्हणजे अंगरखा वर धरायचा, पाय उघडे पडायचे, गाव हसणार. हसू दे म्हणाला. मुलगा माफी मागेपर्यंतसुद्धा थांबला नाही. देव तसा आहे. गाणं लिहिणाऱ्याला देव माहीत होता का, मला ठाऊक नाही. पण घर सुटलेल्याचं दुःख त्याला माहीत होतं, आणि तिथून देव फार लांब नसतो."

बैठक उठली. मापंही संपली. सत्यनारायण वही पिशवीत घालून निघाला आणि दारातून परत फिरला.

"अय्या, एक विचारू?" तो पास्टरला म्हणाला. "त्या बापाला मुलगा लांबून दिसला कसा? म्हणजे, त्याच वेळी तो बाहेर कसा होता?"

पास्टर म्हणाला, "रोजच बघत असणार मास्टर. त्याशिवाय कसा दिसेल?"

"आणि पोरानं आधी काय केलं होतं?"

"घरातला आपला वाटा मागून घेतला, उधळला. चूक मुलाचीच होती."

"आणि चूक बापाची असली तर?"

 "मग," पास्टर हळूच म्हणाला, "त्यानं आणखी लांबपर्यंत धावायला हवं."

सत्यनारायणनं मान हलवली. "आमचा देव उभा असतो, अय्या. कमरेवर हात ठेवून. तुमचा पळतो."

"उभा कशाला असतो? वाटच बघतो ना?"

यावर सत्यनारायण हसला. पण रस्त्यावर आल्यावर त्याला सायकल कुठं लावली ते आठवेना.

घरी सोयराबाईनं पान वाढलं. दोन घास खाऊन तो म्हणाला, "चिदंबर कुठं असतो?"

तिच्या हातातला डाव आमटीतच राहिला. "सिटी मार्केटजवळ. वाद्यांचं दुकान आहे, तिथं कामाला. संध्याकाळी हॉटेलात वाजवतो." मग घाबरून तिनं विचारलं, "कशाला? काय झालं?"

"सुम्ने, सहज विचारलं," तो म्हणाला.

मंगळवारी तो सकाळच्या बसनं बेंगळूरला गेला. दुकान सापडायला बारा वाजले. रस्त्याच्या अलीकडे उभा राहून तो बघत राहिला. समोर, दुकानाच्या पायरीवर, चिदंबर एका हार्मोनियमची धूळ पुसत होता. अंगानं भरला होता. कपाळावरचे केस मागे हटले होते. पंचविसाव्या वर्षीच? आपलेही असेच हटले होते, सत्यनारायणच्या मनात आलं.

काय बोलायचं ते त्यानं बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. आधी तब्येत विचारायची, मग अम्माची खुशाली सांगायची, मग हळूहळू. पण चिदंबरनं मान वर केली, रस्त्यापलीकडे नजर टाकली आणि हार्मोनियम उचलून आत वळला. सत्यनारायणला वाटलं, पाहून न पाहिल्यासारखं करून चालला. गेला! आणि एकसष्ट वर्षांचा तो माणूस धोतराचा सोगा मुठीत धरून भर रहदारीत धावत सुटला. एक रिक्षावाला ब्रेक दाबून ओरडला. डाव्या पायातली चप्पल रस्त्याच्या मधोमध राहिली.

"चिदू! ए चिदू! थांब रे!"

चिदंबर दारात आला. त्यानं खरोखरच पाहिलं नव्हतं. "अप्पा?" तो म्हणाला. "अय्यो, अप्पा! अम्माला काही झालं?"

"नाही, नाही. बरी आहे." सत्यनारायणला दम लागला होता. ठरवलेलं सगळं सांडून गेलं. "त्या तारा... मी कापायला नको होत्या रे."

 चिदंबरनं आधी रस्त्यात जाऊन चप्पल आणली, बापाच्या पायाशी ठेवली, आणि मग त्याचा दंड धरून आत स्टुलावर बसवलं.

कॉफी पिताना सत्यनारायणनं त्या गाण्याची गोष्ट काढली. झिजलेले बूट, खिडकीतला उजेड, बायबलातला बाप. चिदंबर ऐकत राहिला आणि शेवटी ओशाळून हसला.

"खरं सांगू अप्पा? मी कधी शब्दांकडे लक्षच दिलं नाही. मला त्यातली गिटार आवडायची. शेवटची."

"शब्द संपल्यावरची?"

"हं. तेवढीच."

"इर्ली," सत्यनारायण म्हणाला. "असू दे. तीही चांगलीच आहे की." आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच गोंधळला.

दिवेलागणीला तो घरी पोहोचला. सोयराबाई दारातच होती. तिनं त्याच्या मागे, गल्लीच्या वळणापर्यंत पाहिलं.

"नाही आला?"

"नाही."

"काय बोललात दोघं?"

"फार नाही." तो पायरीवर बसला. "त्यानं विचारलं, अम्मा कशी आहे. मी म्हटलं, येऊन बघ की. बोलून गेल्यावर वाटलं, असं नको होतं म्हणायला. चेहरा उतरला त्याचा. लगेच नाही जमायचं त्याला."

"मग?"

"मग म्हटलं, तू नको येऊस. मीच येतो पुढच्या रविवारी. तर म्हणाला, रविवारी दुकान बंद असतं, खोलीवर या." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "पत्ता लिहून दिलाय. तुला ठाऊकच असेल म्हणा."

"ठाऊक आहे," सोयराबाई म्हणाली. तरीही तिनं तो कागद घेतला, दिव्याजवळ नेला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला.