सहावं कडवं

तपासणी नाक्यावर ओबदुलिया वडापमधून उतरली, तापल्या डांबरावर चपला जुळवल्या आणि हात सरळ सोडून सावधान उभी राहिली.

"ओळखपत्र खरं आहे, साहेब. फोटोही माझाच आहे."

"कार्डं काय, बाजारात मिळतात." सार्जंट लिबोरिओने टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. "मेक्सिकोत काळी माणसं नसतात. होंडुरासची की हैतीची, ते सांग. नाहीतर राष्ट्रगीत म्हणून दाखव."

"मी पालो गोर्दोची. नगराध्यक्षपदाला उभी राहतेय. आज अर्जाचा शेवटचा दिवस आहे, तीनला शहरातल्या कचेरीचं दार बंद होतं."

"अरे वा! मग तर अध्यक्षीणबाईंचा आवाज ऐकायलाच हवा."

वडापमधलं कुणी हसलं नाही. नाक्यावर विनोद करण्याचा आणि त्यावर हसण्याचा, दोन्ही अधिकार सरकारकडे असतात. ड्रायव्हर चोनोने खिडकीतून डोकं काढलं.

"आटप गं मावशी. एक कडवं म्हण नि बस गाडीत."

ओबदुलियाला एक कडवं येत नव्हतं. तिला दहाच्या दहा येत होती, आणि तीही एका दमात. बाकीचा देश पहिल्या कडव्यानंतर अभिमानाने नुसते ओठ हलवतो. पण समुद्राकाठच्या काळ्या वस्त्यांमध्ये मास्तर पोरांकडून पाढ्यांसारखं सगळं घोकून घेत. साहेबाने पुढचं विचारलं तर? मध्येच थांबलात, तर येत नाही म्हणून थांबलात असंच धरतील.

तिने सुरुवात केली. लिबोरिओ आणि त्याचा जोडीदार यांना कडक सलाम ठोकून उभं राहावं लागलं. राष्ट्रगीत चालू असताना हात खाली घेणारा शिपाई अजून जन्मायचा होता. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. जोडीदाराच्या कानामागून घाम ओघळू लागला. गाणं थांबवायची हिंमत त्या दोघांत नव्हती आणि थांबण्याची तिच्यात. तिकडे शहरातलं ते दार एकेका ओळीने मिटत चाललं होतं, हे फक्त तिला दिसत होतं. चौथ्या कडव्याला चोनोने तिच्याकडे पाहून छातीवर क्रूस काढला आणि गाडी सुरू केली. त्याच्या गिऱ्हाइकांनाही बाजार गाठायचा होता.

गाडी वळणाआड गेली. सहाव्या कडव्यात ओबदुलियाचा एक शब्द निसटला. ती अडखळली.

समोर लिबोरिओचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द बरोबर होता.

तिने तो शब्द उचलला आणि गात राहिली. ते कडवं ज्यांना येतं त्यांना ते कशासाठी शिकवलेलं असतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. त्याच्या मानेवरचे केस अगदी मुळापासून तासलेले होते. कुरळा म्हणून एक उरला नव्हता. लिबोरिओने ओठ घट्ट मिटले, आणि उरलेली चार कडवी तो तिच्या डोक्यावरच्या आकाशाकडे बघत उभा राहिला.

"ठीक आहे. जा," गाणं संपल्यावर तो म्हणाला.

"कशाने जाऊ?"

रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. ती जवळ सरकली आणि जोडीदाराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तुझे मास्तर कोण रे?"

लिबोरिओने मागे वळून जोडीदाराकडे पाहिलं.

"मागे बस," तो खेकसला.

मागे म्हणजे पोलिसांच्या गाडीत पकडलेल्यांना बसवतात त्या जाळीत. ती बसली. जोडीदाराने पुढच्या सीटवर बसून समाधानाने बूट सैल केले. शेवटी मासा सापडला, असं त्याला वाटलं असावं.

निवडणूक कचेरीचा रखवालदार दार ओढून घेत होता.

"काय सार्जंट, आरोपी इथे कशाला आणलात? तुरुंग तिकडे."

"मी उमेदवार आहे," जाळीतून उतरता उतरता ओबदुलिया म्हणाली.

"हो, आणि मी आर्चबिशप. कुठली हो ही, सार्जंट?"

जोडीदार मान वळवून ऐकत होता. ओबदुलियाने लिबोरिओकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याच्याच्याने झालं नसतं. ती दाराची फट बघत होती, आता ती वीतभरही उरली नव्हती.

"आमच्या गावची," लिबोरिओ म्हणाला.

रखवालदार हसला. मग हसणारा आपण एकटाच आहोत हे ध्यानात येऊन त्याने सार्जंटचं तोंड पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. नाक पाहिलं, ओठ पाहिले. दारावरचा त्याचा हात तसाच राहिला.

तेवढ्यात ओबदुलियाने फटीत पाय घातला.