सहा चाळीसची वालीव

“काका, लिहा. सात वाजून गेले. आज पण नाय आली.”

रोझलिनने सांगायच्या आधीच जयवंत पेडणेकरांनी वही उघडली होती. उमेळ्याच्या बसस्टॉपवर बसायला सिमेंटचा कट्टा आहे आणि त्याच्या पाठीमागे कुठल्याशा बिल्डरचा फलक ठोकलेला आहे: स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं. कशाने पाच मिनिटं, ते मात्र बिल्डर सांगत नाही. त्या फलकाला पाठ टेकवून जयवंतरावांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘फेरी सहा चाळीस, उमेळे ते वालीव. आली नाही.’ पुढे तारीख आणि सही. गेले अडतीस दिवस त्यांचा हाच उद्योग चालला होता. अडतीस दिवसांत बस आली होती अकरा वेळा, त्यातही वेळेवर फक्त तीनदा.

“काल सुपरवायझर काय बोलला माहितेय? रोझलिन, मार्चमध्ये दोघींना कायम करायचंय, त्यात तुझं नाव आहे. पण आता लेट आलीस तर माझ्या हातात काय राहणार नाय.”

“नाही होणार उशीर. शुक्रवारी आपण परिवहनच्या ऑफिसात जातोय ना? ही वही बघितली की साहेबाची बोलती बंद.”

“तुम्ही आहात म्हणून, काका. नायतर आम्हाला कोण विचारतंय तिकडे?” असं म्हणत ती रिक्षाला हात करत पळाली. स्टेशनपर्यंत एक रिक्षा, मग पूल चढून पूर्वेला दुसरी, आणि साडेसातला कारखान्याचं गेट बंद. औषधांच्या बाटल्यांची झाकणं तपासायच्या कामावर ती गेली सात वर्षं हंगामी होती. नवरा गेल्यापासून म्हातारी आई आणि शाळेतली मुलगी, दोघींचा भार तिच्यावरच होता. सहा चाळीसची बस आली की पुलावरून थेट वालीव, सव्वासातला गेटात. नाही आली की असं ऊर फुटेस्तोवर धावायचं.

जयवंतरावांना ते ‘तुम्ही आहात म्हणून’ फार आवडलं. का आवडू नये? एकतीस वर्षं बसच्या नोकरीत काढलेला माणूस. त्यातली शेवटची बारा वर्षं स्टेशनजवळच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक; म्हणजे पत्र्याच्या केबिनमध्ये बसून कुठली बस कधी आली, कधी सुटली, हे तक्त्यात भरणारा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रिक्षावाले अजून त्यांना ‘कंट्रोलर साहेब’ म्हणत. कोकणातून आलेल्या या माणसाने उमेळ्यात, केळीची वाडी तोडून उभ्या राहिलेल्या बिल्डिंगीत घर घेतलं आणि जुन्या गाववाल्यांनीही त्याला आपलं मानलं, ते या केबिनच्या पुण्याईवरच. केबिनच्या खिडकीशी आलेला माणूस रागावून परत गेला, असं कधी झालं नव्हतं. ‘पेडणेकरांसारखा देवमाणूस नाही,’ असं प्रवासीही म्हणत आणि ड्रायव्हरही. दोन्ही बाजूंनी देवमाणूस होणं सोपं नसतं. ते कसं जमवावं लागतं, हे शुक्रवारी कळणार होतं.

नव्या बसगाड्या येणार होत्या. कुठल्या मार्गाला किती द्यायच्या, त्याची यादी ठरत होती. उमेळे–वालीवला त्यातली एक जरी मिळाली तरी सहा चाळीस सुधारेल, असा जयवंतरावांचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. रोझलिनने त्या दिवशी दुपारची पाळी मागून घेतली. जयवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून, एकशे चौदा सह्यांचा अर्ज आणि वही घेऊन निघाले. निघताना त्यांची पत्नी वसुंधराबाई म्हणाल्या, “अहो, भांडायला जाताय की सत्काराला?”

विघ्नेश राणे हा अधिकारी तिशीतला, शांत स्वभावाचा. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, अर्ज शेवटपर्यंत वाचला. वहीची पानं उलटून तो म्हणाला, “सुंदर अक्षर आहे हो तुमचं.” मग कपाटातून त्याने एक जाडजूड फाइल काढली.

“पेडणेकर साहेब, नव्या गाड्या आम्ही कुठे देतोय सांगू? जिथे फेऱ्या जास्त चुकतात, जिथे तक्रारी जास्त, तिथे आधी. पाच वर्षांचं रेकॉर्ड मागवलंय वरून. तुम्ही गेल्यावर त्या केबिनला माणूसच दिला नाही, म्हणून त्यातली जी तीन वर्षं आहेत ती तुमचीच.” त्याने फाइल फिरवून त्यांच्यापुढे सरकवली. “ही सहा चाळीस बघा. तीन वर्षांत एकही फेरी चुकलेली नाही. आणि तक्रारवही तर कोरीच. सगळ्या शहरात असा मार्ग नाही.”

जयवंतरावांनी खाली पाहिलं. तेच मोत्यासारखं अक्षर. सहा चाळीस, सहा चाळीस, सहा चाळीस; पानामागून पान. आणि प्रत्येक पानाखाली सही.

त्यांनी एक पान उलटलं. सगळं आठवलं. इंजिनातून पाणी गळायचं, टायर घासून गुळगुळीत झालेले, सुटा भाग मागितला तर महिना महिना मिळायचा नाही. आणि फेरी चुकली की बस चालवायला घेतलेला ठेकेदार पगार कापायचा तो ड्रायव्हर-कंडक्टरचा. मर्विन नावाचा ड्रायव्हर होता. बायको बाळंतपणाला टेकलेली, आणि एका आठवड्यात त्याची बस तिसऱ्यांदा बंद पडली होती. केबिनच्या दारात येऊन तो नुसता उभा राहिला. जयवंतरावांनी तक्त्यात ‘सहा चाळीस’ लिहिलं आणि म्हणाले, “जा. कागद काय, सगळं पोटात घालतो.” त्यानंतर हात वळला तो वळलाच. मर्विनचं केलं मग दुसऱ्याचं का नाही? आणि सकाळी कट्ट्यावर ताटकळणारी माणसं? ती काय, थोडं चिडतील, रिक्षा करतील, पोचतील. त्यांचा कुठे पगार कापला जात होता? निदान तेव्हा तरी त्यांना तसंच वाटलं होतं.

रोझलिन फाइलकडे बघत होती. साहेब काय दाखवतोय ते तिला कळलं होतं, आणि काकांचा चेहराही दिसत होता. ती घाईघाईने म्हणाली, “बरोबर आहे साहेब. काका होते तेव्हा बस टायमावर यायची. काका गेले आणि सगळं बिघडलं. आता नाय येत, एवढंच आमचं म्हणणं.”

केवढी सोपी वाट काढून दिली होती पोरीने! ‘हो, तेव्हा यायची,’ एवढं म्हटलं की झालं. इभ्रत शाबूत, वर कौतुकही. राणेही मान हलवत होता. पण ती वाट धरली तर फाइल तशीच वर जाणार होती, आणि फाइलमधल्या बसला काहीच आजार नव्हता.

“नाही गं,” जयवंतराव म्हणाले. “तेव्हाही येत नव्हती.”

“काका?”

“आठवड्यातून तीनदा-चारदा चुकायची. मी लिहायचो वेळेवर आली म्हणून. पोरांचा पगार कापतील म्हणून. तुझी आई एकदा आली होती माझ्याकडे, तक्रारवही मागायला. जुईच्या कळ्यांची पाटी घेऊन तासभर उभी होती बिचारी. मी तिला आत बसवलं, चहा पाजला, म्हटलं, व्हेरोनिकाबाई, कशाला उगाच त्या पोरांच्या पोटावर पाय देता? तिने वही परत दिली. अशा कितीतरी जणांना मी चहा पाजलाय.”

रोझलिनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. राणेने पंखा उगाचच एक घर वाढवला.

“हे लेखी द्याल?” त्याने विचारलं.

“देतो.”

कागद आला. ‘मी खाली सही करणार, जयवंत पेडणेकर, निवृत्त वाहतूक नियंत्रक, असे लिहून देतो की’ इथवर पेन झरझर चाललं. पुढची दोन वाक्यंही लिहून झाली. तेव्हा राणे म्हणाला, “आणि खाली नावं टाका. कुठल्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या फेऱ्या खोट्या दाखवल्या त्यांची. नावांशिवाय चौकशी लागत नाही, आणि चौकशी लागल्याशिवाय रेकॉर्ड बदलत नाही.”

“त्यांचं काय होईल?”

“जे अजून कामावर आहेत त्यांना नोटीस जाईल. न झालेल्या फेरीचा पगार घेतला ना त्यांनी.”

पेन थांबलं. मर्विन अजून कामावर होता. त्याचा मुलगा आता बालवाडीत जात होता. बाकीची सातआठ नावंही तशीच ओठांवर होती. जयवंतरावांनी शेजारी बसलेल्या रोझलिनकडे पाहिलं. ती त्यांच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. मागत काहीच नव्हती, आणि तेच जास्त जड होतं.

“दोष माझा आहे. माझंच नाव घाला,” ते म्हणाले.

“मग ह्या कागदाचा उपयोग नाही, साहेब.” राणेच्या आवाजात चीड नव्हती, कीव होती. त्याने एका हातात वही घेतली, दुसऱ्या हातात फाइल. “आणि वहीचं तरी मी काय करू? इथे सही तुमची, तिथेही सही तुमचीच. वर विचारतील, ह्यातला खरा पेडणेकर कुठला? मी काय सांगू?”

जयवंतरावांनी नावांशिवायच्या कागदावर सही केली आणि कागद तिथेच ठेवला. जिना उतरताना रोझलिन त्यांच्या एक पायरी मागे होती. एरवी ती पुढे धावणारी बाई.

रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, “किती ड्रायव्हर-कंडक्टर होते, काका?”

“सात-आठ.”

“आणि सकाळी स्टॉपवर आम्ही किती असायचो?”

ते मनात मोजू लागले आणि मोजता मोजता थांबले. बारा वर्षांत त्यांनी बस मोजल्या होत्या, स्टॉपवरची माणसं कधी मोजलीच नव्हती. रोझलिनलाही उत्तर नको होतं. “मला पाळीला जायचंय,” म्हणून ती रिक्षात बसली.

घरी वसुंधराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांची कोथिंबीर निवडून संपली. मग म्हणाल्या, “भीड भिकेची बहीण, हे मी तीस वर्षं सांगत आले तुम्हाला. पण मला वाटायचं, भीक आपल्याच वाट्याला येईल. ती रोझलिनच्या दारात जाऊन बसली हो.” नंतर त्यांनी जेवायला वाढलं.

त्यांनी पुन्हा एकदा ऑफिसात खेटा घातला. राणे सुट्टीवर होता. तिसऱ्यांदा गेले तेव्हा यादी लागली होती. तिच्यात उमेळे नव्हतं. शेजारच्या ज्या मार्गाला गाड्या मिळाल्या, तिथला नियंत्रक खडूस म्हणून बदनाम होता. मिनिटाची चूकही लिहायचा आणि तक्रारवही स्वतः लोकांच्या हातात द्यायचा. ड्रायव्हर त्याला शिव्या घालत. त्याच्या निरोपाच्या दिवशी हारसुद्धा नव्हता म्हणे. जयवंतरावांच्या गळ्यात पाच पडले होते.

फेब्रुवारीत बस आली ती सहा वेळा. चुकलेल्या दिवसांपैकी तीन दिवस रोझलिनच्या तोंडावर गेट बंद झालं.

जयवंतरावांनी स्टॉपवर जाणं सोडलं होतं. कुठल्या तोंडाने जाणार? पण मार्चच्या पहिल्या सोमवारी दूध आणायला निघाले तर कट्ट्यावर ती एकटीच बसलेली दिसली. टाळून पुढे जावं असं मनात आलं, पण पाय तिकडेच वळले. ती जरा सरकली. ते बसले.

“आज लवकर आलीस,” काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले.

“सवय आहे. तशी आज घाई नव्हती.” तिने पर्समधून कंपनीचं ओळखपत्र काढून दाखवलं. सात वर्षांपूर्वीच्या फोटोत ती केवढी हसत होती. “हे परत द्यायचंय. कामावरून काढलं मला. वालीवलाच राहणारी एक मुलगी आहे, माझ्या जागी तिला घेतलं कायम. चांगली पोरगी आहे. तिचं घर गेटासमोरच आहे.”

“रोझलिन, मी...”

“राहू दे, काका. नावं नाय दिलीत ते बरं केलंत. आईला सांगितलं मी, ती पण तेच बोलली.” ती जरा थांबली. “मला मात्र राग आला होता. खोटं कशाला बोलू? अजून येतो मधूनमधून.”

“येऊ दे. यायलाच हवा,” जयवंतराव म्हणाले. दोघंही रस्त्याकडे बघत बसले.

वळणावर हॉर्न वाजला. बस येत होती. त्यांनी मनगटावर पाहिलं. बरोबर सहा चाळीस, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत बस येऊ नये असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. आज तरी हिने चुकायला हवं होतं.

रोझलिन उठली, साडी सारखी केली आणि चढली. बस रिकामीच होती. कंडक्टरने कुठेही बसा म्हणून हात केला, आणि ती पुढच्या दाराजवळच्या बाकावर, लवकर उतरता यावं म्हणून ती नेहमी बसायची तिथे, जाऊन बसली.