होती तशी

चिंचपोकळीला दौलत पेडणेकरच्या गॅरेजमागे मोकळी जागा होती, आणि त्या जागेत ती गाडी दीड वर्ष ताडपत्रीखाली पडून होती. सकाळ-संध्याकाळ गिरणीची पाळी धरायला जाणारी माणसं तिच्या शेजारून जात, पण ताडपत्रीखाली काय आहे असं कोणी विचारत नसे, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. जर्मन बनावटीची, दोनच माणसं बसतील अशी, ठेंगणी, रुपेरी स्पोर्ट्‌स गाडी. तिचं इंजिन मागच्या बाजूला होतं आणि त्याला पाणी लागत नसे. ते वाऱ्यावर थंड राही. गाडी पहिल्यांदा गॅरेजात आली तेव्हा रेडिएटर शोधायला दौलतने पुढचं झाकण उघडलं होतं आणि आत नुसतं जादा चाक आणि पेट्रोलची टाकी पाहून तो गोंधळून गेला होता. त्यावर गाडीचा मालक इतका मनापासून हसला, की दौलतलाही हसू आवरेना.

तो मालक म्हणजे गिरगावातले सॉलिसिटर कमलाकांत धुरंधर यांचा एकुलता एक मुलगा शशिकांत. माटुंग्याला इंजिनिअरिंग शिकत असताना, मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन साहेबाकडून त्याने ही गाडी घेतली आणि मग दोन वर्षं त्याची प्रत्येक संध्याकाळ दौलतच्या गॅरेजात गेली. कॉलर काळी करून तो गाडीखाली शिरे आणि तिथूनच बोलत राही. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची टाकायची, सिलिंडर मोठे बसवायचे, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर करायचे, असे त्याचे बेत असत. रविवारी तो दौलतच्या लालबागच्या खोलीवर जेवायला येई आणि मालनच्या हातचं बांगड्याचं तिखलं नाकाडोळ्यांतून पाणी काढत खाई. दौलत आणि मालनला मूल नव्हतं. त्याबद्दल ती दोघं कधी बोलत नसत. पण रविवारी मालन एक ताट जास्त मांडून ठेवी, तो येणार असो वा नसो.

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, वडिलांना शेजारी बसवून शशिकांत माटुंग्याहून घरी निघाला असताना हिंदमाता थिएटरजवळ आडव्या रस्त्याने एक ट्रक आला. कमलाकांतांचा पाय दोन ठिकाणी मोडला आणि काचेने कपाळ फाटलं. शशिकांतची छाती स्टिअरिंगवर आदळली. बाहेरून त्याच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता, असं त्याला पाहणारे पुढे कित्येक दिवस सांगत असत. गाडी दौलतकडे ओढून आणली गेली. ती कुठे न्यायची हे कोणी कोणाला विचारलंच नाही.

दीड वर्षाने, दिवाळी उलटल्यावर, शशिकांतच्या आई राजलक्ष्मीबाई एकट्याच टॅक्सीने आल्या. मुलगा गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. ताडपत्री काढायला सांगून त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या, चेपलेल्या नाकाकडे आणि फुटलेल्या काचेकडे पाहत राहिल्या.

"दौलतराव, हिला होती तशी करा," त्या म्हणाल्या. "आणि त्याला जे जे करायचं होतं तेही करा. काही राहू देऊ नका."

"विकायची आहे काय, बाई?"

"नाही. मला ती अशी नको आहे, एवढंच."

दौलतने कामाला हात घातला. वाकलेला पुढचा पत्रा त्याने दुसऱ्या कोणाला ठोकायला दिला नाही. मागून लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडीचे हलके घाव घालत त्याने एकेक पोचा उठवला. हाताला जाणवेल इतकाही खड्डा उरू नये म्हणून तो डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवी. कधी हरताळ होई, कधी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा दारावरून जाई आणि तो फाटक लोटून घेई. एरवी त्याचा हात थांबत नसे. परदेशातून मागवलेले भाग बोटीने यायला महिने लागत. फेब्रुवारी संपता संपता गाडीचं नाक सरळ झालं.

त्याच आठवड्यात कमलाकांत गॅरेजात आले. कामाला सुरुवात झाली तेव्हाही ते एकदा आले होते, काठी टेकत, फाटकातच थांबून. या वेळी ते तरातरा आत आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून वाकून चाकं पाहू लागले. हातात काठी नव्हती.

"पाय बरा झाला वाटतं, साहेब," दौलत म्हणाला.

"पायाला काय झालं होतं?" कमलाकांत म्हणाले.

त्यांच्या आवाजात ना चिडल्याची छटा होती, ना थट्टा. माणसाला आपलं दुखणं लोकांच्या तोंडून ऐकायचं नसतं, अशी समजूत करून घेऊन दौलत पुन्हा कामाला लागला. मे महिन्यात पुढची काच बसली. त्यानंतर एकदा भायखळ्याच्या बाजारात त्याला कमलाकांत दिसले, टोपी काढून घाम पुसताना. भुवईपासून केसांत गेलेला तो जाड व्रण दौलतने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आता तिथे नितळ कपाळ होतं, वयाच्या तीन आठ्या पडलेलं. दौलत रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बराच वेळ पाहत राहिला आणि त्यांना हाक न मारताच परतला.

कार्बोरेटर आले तेव्हा त्याला शशिकांतच्या वहीची आठवण झाली. पेट्रोल सोडणारा कोणता जेट किती नंबरचा बसवायचा हे त्या पोराने बारीक अक्षरात टिपून ठेवलं होतं. ती वही घरी आहे, लागेल तेव्हा घेऊन जा, असं राजलक्ष्मीबाई म्हणाल्या होत्या. म्हणून एका दुपारी हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून दौलत गिरगावात गेला. दार त्यांनीच उघडलं. त्यांचा चेहरा भरला होता, अंबाड्यावर अबोलीचा गजरा होता. त्यांनी त्याला बसवलं, स्वतःच्या हाताने सरबत आणून दिलं.

"वही न्यायला आलो, बाई."

"कसली वही?"

"शशिकांतरावांची. गाडीची."

त्या विचारात पडल्या. चांगल्या मनाच्या माणसाला दुसऱ्याच्या उपयोगी पडता आलं नाही की जसं वाईट वाटतं, तसा त्यांचा चेहरा झाला. "शशिकांत म्हणजे कोण? यांच्या ऑफिसातले का?"

दौलतने मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे चंदनाचा हार घातलेला फोटो होता. त्या फोटोसमोर तो तेराव्याला बसला होता. आता तिथे फोटो नव्हता. खिळा नव्हता, खिळ्याचं भोकही नव्हतं, आणि इतके महिने झाकलेल्या जागी रंग उजळ राहतो तसा चौकोनही भिंतीवर नव्हता.

"तुमचा मुलगा, बाई," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

राजलक्ष्मीबाईंनी खांद्यावरचा पदर सारखा केला. "आम्हाला मूलबाळ नाही, दौलतराव," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्या कुठल्या घरचं बोलताय. ही गाडी यांनी हौसेने घेतली आणि मग तशीच पडून राहिली."

तो सरबत अर्धं ठेवून उठला. दुःखाने बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्याने जिना उतरताना स्वतःला बजावलं. लालबागला पोचेपर्यंत त्याने तेवढं एकच वाक्य मनात घोळवलं. मालन चुलीपुढे बसली होती. तिला त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "आपल्या शशीचो फोटोसुद्धा काढून टाकल्यानी गो."

मालनने भाकरी उलटली. "कोण शशी?"

"मालन."

"माका आठवत नाय हो. गावचो कोण काय?"

तिच्या चेहऱ्यावर काहीच लपवलेलं नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात तो चेहरा त्याला पुरता वाचता येत होता. त्या रविवारी तिने दोनच ताटं मांडली. दौलत जेवायला बसला आणि घास तोंडात तसाच धरून राहिला. त्याच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जमिनीवरून मालन सहज हात लांब करून मिठाची वाटी सरकवत होती.

गाडी सुधारते तसतसा तो पोरगा पुसला जातो आहे, हे त्याला आता दिसत होतं, आणि त्यानंतर दोन महिने त्याने गाडीला हात लावला नाही. पण ताडपत्रीखाली सरळ झालेला तो पत्रा, ती काच, तो रंग होताच, आणि ते पुन्हा मोडायचं म्हटलं तर हातोडी उचलेना. कमलाकांत धुरंधर आता सकाळी चौपाटीवर फिरायला जात. राजलक्ष्मीबाई गाण्याच्या बैठकींना जाऊ लागल्या होत्या. त्यांच्या घरात पुन्हा हसणं आलं होतं, आणि ते मोडायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असं त्याला वाटे. काही राहू देऊ नका, असं बाई म्हणाल्या होत्या. त्याने पुन्हा पाना उचलला. वही नव्हती, तेव्हा गाडीखालून आलेलं एकेक बोलणं आठवत त्याने सिलिंडर बसवले, वायरिंग बदलली, दोन्ही कार्बोरेटर जुळवले. जानेवारीतल्या एका सकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. मागून तो भरदार, कोरडा, ठाम आवाज आला, त्याने आणि शशीने दोन वर्षं नुसता कल्पनेत ऐकलेला. ऐक रे, असं म्हणायला दौलत सवयीने गाडीखाली वाकला.

आणि तिथेच, गुडघ्यावर, त्याच्या लक्षात आलं की शशीचा आवाज आपल्याला आठवत नाही. तो काय म्हणे ते आठवत होतं. कसं म्हणे ते गेलं होतं. त्याने डोळे मिटून चेहरा आठवून पाहिला. हसताना दिसणारे दात आले, कपाळ आलं, डोळे आले नाहीत.

आता एकच भाग जुना उरला होता. स्टिअरिंगचं चाक. त्याची वरची कड आतल्या बाजूला वाकलेली होती, छातीच्या रुंदीएवढी. नवं चाक मार्चमध्ये आलं. दौलतने ते खोक्यातून काढलं, जुन्याचा मधला नट सैल केला आणि दोन्ही हातांनी ते चाक धरून तो चालकाच्या जागेवर बसून राहिला. हे काढलं की काम पुरं होत होतं. मालनला विचारून उपयोग नव्हता. या शहरात त्या पोराचं नाव माहीत असलेला दुसरा माणूस उरला असेल, असं त्याला वाटत नव्हतं. बाहेर कोणीतरी पेपरातली बातमी मोठ्याने वाचत होतं, मुंबईसह महाराष्ट्र होणार म्हणून. बऱ्याच वेळाने दौलतने नट पुन्हा घट्ट आवळला आणि नवं चाक खोक्यात ठेवून दिलं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, तो गाडी घेऊन गिरगावात गेला. उद्याच्या समारंभासाठी रस्त्यावर तोरणं चढत होती, दिव्यांच्या माळा ओढल्या जात होत्या, शिडीवरची माणसंसुद्धा रुपेरी गाडी पाहायला थांबत होती. कमलाकांत बाहेर गेले होते. राजलक्ष्मीबाई एकट्याच खाली आल्या, नव्या लुगड्यात, लहान मुलीसारख्या उत्सुक. दौलतने दार उघडून धरलं आणि त्या शेजारच्या बैठकीवर बसल्या.

"किती देखणी झाली हो," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर चाकावर गेली. "हे वाकडंच राहिलं?"

"हो, बाई."

त्यांनी हात पुढे केला. वाकलेल्या कडेवरून त्यांची बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग तो हात तिथेच राहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं होतं. गालावरून उतरून ते लुगड्यावर पडत होतं, आणि आपण रडतोय हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं.

"हे कशाने वाकलं?" त्यांनी विचारलं.

दौलतने सांगितलं. रस्त्याकडे पाहत, जेवढं उरलं होतं तेवढं सगळं. एक मुलगा होता, गाडीखाली शिरून बोलायचा, तिखट सोसायचं नाही तरी पुन्हा मागून खायचा. रविवारची सकाळ होती. पुढचं सांगताना त्याला मध्ये थांबावं लागलं. राजलक्ष्मीबाईंनी एकदाही अडवलं नाही. ओल्या चेहऱ्याने, चाकावरचा हात न काढता, त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

त्याचं सांगून झालं. मग पदराने डोळे टिपून, परक्या घरच्या दुःखाची चौकशी करावी तशा हळव्या आवाजात त्यांनी विचारलं,

"मग त्या मुलाच्या आईचं काय झालं हो?"