वखारीच्या फाटकातली चप्पल

मी चप्पल बोलतेय. उजव्या पायाची. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी म्हशीच्या जाड कातड्याची आहे आणि माझ्या मनात राग आहे.

सदलग्याच्या परशरामनं मला शिवलं आणि निपाणीच्या बाजारात सोनुबाईनं घासाघीस करून घेतलं. ती तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखूत माती जायला नको म्हणून बायकांनी चपला फाटकाशीच काढायच्या, असा तिथला नेम. त्यामुळं माझे दिवस फाटकातच गेले, आणि तिथलं सगळं मला दिसायचं.

सुट्टी झाली की बायकांची झडती व्हायची. कुणी तंबाखू लपवून नेते का, हे बघायला भरमा मुकादम उभा. तंबाखू कधी सापडली नाही, तरी त्याचे हात शोधायचे काही थांबले नाहीत. बायका खाली मान घालून आम्हाला पायात सरकवायच्या आणि मुकाट घरी जायच्या. मालक वरच्या सज्जात चहा पीत हे सगळं बघायचा.

एका संध्याकाळी सोनुबाईनं भरमाचा हात पिरगळला. त्यानं लाथ मारून मला आणि माझ्या डावीला गटारात उडवलं.

"उद्यापास्नं येऊ नगंस," तो म्हणाला. "हितं काम करायचं तर पायताणासंगं लाजबी भायेर काढून ठेवाय लागती."

मालक वरून खो खो हसला. ते हसू मी गटारात पडल्या पडल्या ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं.

सोनुबाईनं आम्हाला गटारातून काढून घेतलं, पण काम गेलं. नवऱ्यानंही संशय घेऊन सोनुबाईला घराबाहेर काढलं. अशा बायकांसाठी निपाणीत एक निवारा उभारायचं बेळगावच्या टिळकवाडीतल्या यशोदाबाईंनी मनावर घेतलं. त्या शिक्षिका होत्या. बायकांनी निपाणीहून बेळगावपर्यंत चालत जायचं आणि गावातल्या बड्या लोकांनी दर मैलामागं देणगी द्यायची, असं ठरलं. त्यासाठी भरलेल्या सभेत सगळ्यात मोठी देणगी कुणी जाहीर केली असेल? आमच्या मालकानं. पिडलेल्या बायकांसाठी! मला हसावं की चावावं कळेना.

सोनुबाईला बघून तो मिशीत हसला. "ह्या बायका वाटंत संकेश्वरातच बसत्यात बघा. ही सोनू चालत बेळगावला पोचली, तर तिच्या पायातलं पायताण मी डोक्यावर घेतो."

सभा हसली. सोनुबाई हसली नाही.

आम्ही निघालो. संकेश्वर मागं पडलं. हत्तरगीला पाय सुजले. वंटमुरीच्या घाटात माझा अंगठा तुटला. यशोदाबाईंनी पिशवीतून कापडी बूट काढले.

"सोनुबाई, पायातून रक्त येतंय. हे घाला."

"नगं बाई. त्यो पायातलं पायताण म्हणालाय. हीच न्यायची हाय."

तिनं पदराची चिंधी फाडून मला पायाला बांधलं. काकतीजवळ रस्त्यात ओलं शेण पडलं होतं. बाकीच्या बायका बाजूनं गेल्या. सोनुबाईनं मला पायासकट बरोब्बर त्यात टाकलं.

बेळगावात मांडव होता. मालक खुर्चीवर बसलेला आणि भरमा हारांचं ताट घेऊन शेजारी उभा. सोनुबाईनं चिंधी सोडली आणि मला पुढं धरलं.

"घ्या मालक."

त्याचा चेहरा उतरला. "मस्करी केलती गं. देणगी दुप्पट देतो, सोड की."

यशोदाबाई हळूच म्हणाल्या, "सोनुबाई, निवाऱ्याला पैसे लागणार आहेत."

"तर मग दुप्पटच द्या मालक, सगळ्यांनी ऐकलंय," सोनुबाई म्हणाली. "आन् ह्येबी घ्या."

मांडवातल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. मालकानं मला दोन बोटांनी उचललं.

"दोनी हातांनी," सोनुबाई म्हणाली.

मग मी वर गेले. टोपीवर, शेणासकट. किती गार वाटलं म्हणून सांगू.

आज मी निवाऱ्याच्या दारात खिळ्याला टांगलेली आहे. कातडं वाळलंय, टाच झिजलीय. पहिल्यांदा आलेल्या बाईला सोनुबाई आधी मला दाखवते, मग जेवायला वाढते. मला विकत घ्यायला मालकानं दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा तो माझ्याकडं बघत परत गेला.

बायांनो, मला तेल लावू नका, शेण खरवडू नका. फक्त अंगठा तेवढा शिवून ठेवा. भरमाचं डोकं अजून राहिलंय.