कौशल्याबाईंच्या पूजेतलं नाणं

दिवाळी म्हणजे शामराव पेशकारांची सुगी. वर्षभर ट्रंकेच्या तळाशी पडलेली जुनी नाणी लक्ष्मीपूजनाला ताटात येतात, ती परत आत जाण्याआधी पाहून घ्यायची. आदिलाबादपासून नार्नूरपर्यंत कोणाच्या घरी काय निघतं ते त्यांना पाठ. फराळाचं बोलावणं असो नसो, पेशकार हजर!

माणूस तहसील कचेरीतला, पण नजर अशी की नाणं हातात घेतलं की राजाचं नाव ओठावर. सुधाकररावांना हा नाद लावला तो त्यांनीच. सुधाकरराव शाळेत गणिताचे पंतुलु, पोरं त्यांना चळाचळा कापायची, आणि गुरूसमोर त्यांची स्वतःची बोबडी वळायची. "पूजेतलं नाणं मागाचं नाई पंतुलु, नुसतं पाहाचं. आन् पाह्यलं ते बाहीर बोलाचं नाई," असं शामराव बजावायचे.

तेवढं सगळं सुधाकररावांनी पाळलं. घोडं अडलं ते गुडीहत्नूरच्या कौशल्याबाईंपाशी. दर पाडव्याला शामराव बाईंच्या देवघरात जायचे. देवघर एवढंसं, एकच माणूस मावायचा, म्हणून सुधाकरराव ओसरीवर. आत गुरू एका नाण्याला भिंग लावून बसायचे ते उठायचं नावच नाही. बाहेर आले की चेहरा असा खुललेला, जसं लग्न जमलंय.

"काय आहे हो ते नाणं?" सुधाकरराव विचारायचे.

"त्या घरचं त्या घरी," एवढंच उत्तर. दरवर्षी तेच. सुधाकररावांचा अस्सा संताप व्हायचा!

शहाऐंशी साली उन्हाळ्यात शामराव गेले. त्यांच्या बायकोनं त्यांची फिरतीवरची लाकडी पेटी सुधाकररावांच्या हाती दिली. मखमलीच्या खणाखणांत शिशाची, तांब्याची सातवाहन नाणी, आणि एक खण रिकामा. त्या खणाला लवंगेचा मंद वास. सुधाकररावांच्या मनानं घेतलं की हा खण कौशल्याबाईंच्या नाण्यासाठीच राखून ठेवलेला. बिचाऱ्यांनी आयुष्यभर मागितलं नाही, आणि जीव त्यातच अडकला. गुरूनं एवढं दिलं, आपण त्यांची एवढी एक इच्छा पुरी करू नये? हा विचार त्यांना जेवू देईना.

पाडव्याला त्यांनी आपल्याजवळचं सगळ्यात लाडकं चांदीचं नाणं अदलाबदलीसाठी खिशात घातलं, गुरूची पेटी काखेत घेतली आणि गुडीहत्नूरची बस धरली. सोबत बँकेतले अमृतराव, याच नादातले, आणि भोचकपणात सगळ्यांच्या वरताण. त्यांना ओसरीवर चकल्यांपाशी बसवून सुधाकरराव देवघरात शिरले. मागायचं नाही हा गुरूचा नियम आज ते मोडणार होते.

"बाई, पेशकारसाहेबांसाठी मागतो. हे चांदीचं ठेवा, पण ते नाणं द्या. त्यांचा जीव होता त्यात."

कौशल्याबाईंनी दारातूनच हात आत घातला. समोर अनारशांची बशी ठेवली आणि ताटातलं नाणं उचलून दिलं. "पह्यले पाहून तं घ्या."

हळदीकुंकवाचे थरावर थर. सुधाकररावांनी भिंग लावलं. पुढून काही कळेना. मग उलटं केलं. पाठीवर मधोमध दोन खुंट, मोडलेल्या कडीचे. पितळेची गुंडी! निजामाच्या कुण्या शिपायाच्या कोटाची! म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला खरं-खोटं सांगणारा आपला गुरू इतकी वर्षं गुंडीवर भाळला? आता या बाईला सांगायचं कसं? नाही सांगितलं तर खोटेपणा, सांगितलं तर मेलेल्या गुरूची अब्रू जाणार.

"गुंडी हाय न?" कौशल्याबाई म्हणाल्या. "मंग तोंड असं काऊन झालं? अनारसा घ्या."

"तुम्हाला माहीत आहे?"

"पह्यल्याच साली सांगतलं पेशकारभाऊनं मले. पण सासूबाईले ते निंदताना वावरात सापडलं होतं. आमच्या घरी राजाचं नाणं हाय म्हून साऱ्या गावात मिरवत होत्या. मी म्हटलं, भाऊ, म्हातारीचं हसू करू नका. तवापासून ते भिंग लावून बसत, आन् म्हातारी दारातून पाहून अशी फुगे का इचारू नका! खुशीत बशी भरभरून अनारसे देई."

"पण सासूबाई तर केव्हाच वारल्या."

"त्या वारल्या, अनारसे कुठी वारले?" बाई खळखळून हसल्या. "घरी शुगरपायी बायको डब्याले कुलूप लावे त्यायची. इथं मनसोक्त खात. आन् तोंडाले तुपाचा वास येऊ नाई म्हून मी दोन लवंगा देवो. त्या पेटीत ठेवत, बस आदिलाबादले टेकली का तोंडात टाकत."

सुधाकररावांना असं हसू फुटलं की भिंग हातातून सुटलं. हसता हसताच डोळे भरून आले. आपल्या गुरूचं काहीच राहून गेलं नव्हतं! उलट माणूस दरवर्षी इथून तृप्त होऊन उठत होता, आणि आपण ओसरीवर बसून जळत होतो. फार आठवण आली त्यांना, अगदी शेजारी बसून शामराव बशीतला शेवटचा अनारसा पळवताहेत अशी.

त्यांनी चांदीचं नाणं परत खिशात टाकलं. "राहू द्या तुमची गुंडी पूजेत."

"राहीनच. पण मले कोणी पाह्यल्याबिगर ते उचलून ठेवणं बरं नाई वाटत," कौशल्याबाई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता. "औंदा कोण येते म्हून सकाळपासून वाट पाहून राह्यली होती."

सुधाकररावांनी भिंग उचललं, पुसलं, आणि गुंडी नीट दोन्ही बाजूंनी पाहिली. सावकाश, बशी रिकामी होईपर्यंत. उठताना बाईंनी दोन लवंगा हातावर ठेवल्या, त्या त्यांनी पेटी उघडून रिकाम्या खणात घातल्या.

ओसरीवर अमृतराव तिष्ठून तिष्ठून अर्धे झाले होते. "एवढा वेळ? दिलं का? काय आहे हो ते नाणं?"

सुधाकररावांनी मिशीला लागलेली खसखस झटकली.

"त्या घरचं त्या घरी," ते म्हणाले आणि बसस्टँडकडं चालू लागले.