शेवटच्या शेगडीवरनं दिसतो मी

मी टीव्ही बोलतोय. तुम्ही म्हणाल, त्यात नवल काय, तू गप्प कधी बसतोस! खरं आहे. पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्या दुसऱ्यांच्या, भांडणं मालिकेतल्या जावांची, कौतुक कुठल्यातरी साबणाचं. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय, तेव्हा दहा मिनिटं तो रिमोट खाली ठेवा की.

मी त्रेचाळीस इंची. लई महागातला नाही आणि अगदी स्वस्तातलाही नाही. जन्माचं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेली माणसं आणि नंतर खोक्यातला अंधार, एवढंच. जाग आली ती एकदम सोलापुरात, प्रभुलिंग अण्णांच्या दुकानाच्या भिंतीवर.

आणि शेजारी तो! उंची तीच, रुंदी तीच, किंमतही जवळपास तीच. पण नखरा असा की बघत राहावं. अण्णा गिऱ्हाईक आलं की दुकानातले निम्मे दिवे घालवायचे आणि त्याच्याकडे बोट करून म्हणायचे, "काळा रंग बघा ओ साहेब. काजळ हाय काजळ!" खोटं नव्हतं ते. अंधारात त्याचं चित्र खरंच देखणं दिसायचं. माझा काळा रंग जरा करडाच. अंधाऱ्या खोलीत भुताचा पिच्चर लावलात तर माझं भूत धुक्यातनं आल्यासारखं वाटेल. कबूल आहे मला.

माझं बळ वेगळं होतं. भर उजेडात माझं चित्र फिकं पडत नाही. बाजूने, खालून, कुठूनही बघा, माणसाचा चेहरा माणसासारखाच दिसतो. पण दुकानात बाजूने बघतो कोण? अण्णांनी फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली होती, बरोबर समोर. येणारा प्रत्येक जण त्या पट्टीवर उभा राहायचा, हाताची घडी घालायचा, मान हलवायचा आणि शेजारच्याच्या मॉडेलची पेटी घेऊन जायचा. नऊ महिने मी तेच ते हिरवे पोपट दाखवत लटकलो होतो. त्या पोपटांचा इतका वीट आला होता म्हणून सांगू!

दुकानात काम करणारी दानेश्वरी तेवढी माझ्या बाजूची. रोज सकाळी फडक्याने मला पुसताना म्हणायची, "तुझं बी गिऱ्हाईक येईल रे. कुटंतरी असंल की." मला वाटायचं, उगाच धीर देतेय.

मग तो शनिवार आला. तिघं जण आले. पुढे अनिलकुमार, फोनवर चार दिवस टीव्हीचंच वाचून तयार होऊन आलेला. त्याच्यामागे त्याची आई शिवबाई, कडक भाकरीचा व्यवसाय चालवणाऱ्या. आणि सगळ्यात मागे, दाराच्या चौकटीला धरून हळूहळू आत येणाऱ्या शिवबाईंच्या सासूबाई, अक्कम्मा. सासूला त्या घरात अत्ती म्हणतात.

"जुना टीव्ही बंद पडला ओ अण्णा," शिवबाई म्हणाल्या. "उद्या दुपारच्या आत नवा लागलाच पायजे. आमची पोरगी शिवलीला खो-खो खेळती, महाराष्ट्राकडनं. उद्या तीनला तिची फायनल दाखवणारायत."

अण्णांनी लगेच दिवे घालवले. तिघंही पट्टीवर उभे. अनिलकुमारचे डोळे शेजाऱ्यावरनं हलेनात. "आई, हाच! पिच्चर बघायला काय मजा येईल!" शिवबाईंनाही तोच पसंत पडला. मी आपलं पोपट दाखवतोय, पण मनातनं पार खचलो होतो.

"अत्ती, तुमाला कसा वाटतो?" शिवबाईंनी विचारलं.

"मला काय विचारतीस बाई? माझं डोळं टीव्हीचं न्हाईत. तुमी घ्या कुठलाबी."

हे ऐकून दानेश्वरीने विचारलं, अज्जींच्या डोळ्यांना काय झालंय? तेव्हा शिवबाईंनी सगळं सांगितलं. त्यांच्या कामाच्या खोलीत भिंतीला धरून ओळीने बायका बसतात, जमिनीवर. पहिली पीठ मळते, मधल्या थापतात आणि भाजतात, आणि शेवटच्या शेगडीवर अक्कम्मा. मंद जाळावर भाकरी फिरवत फिरवत ती पापडासारखी कडक करायची, हे काम त्यांच्याच हाताला जमतं. कडक भाकरीची सगळी करामत त्या शेवटच्या शेगडीची. टीव्ही मात्र पहिल्या शेगडीसमोर. मधे खिडकी, दुसरीकडे पिठाची पोती, बसवायला दुसरी जागाच नाही. इतर बायका बघतात, अक्कम्मा फक्त ऐकतात; रात्री काम आटोपलं की लगेच आडव्या होतात. सहा वर्षं झाली. मधेच विचारतात, "आता कोण आलं गं? रडतंय कोण?" मग कुणीतरी सांगतं.

"मोतीबिंदू काढला गेल्या साली," शिवबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात डोळे झकास हाईत. पर टीव्ही काय दिसत न्हाई. फोनवर बघायचं तर हात कायम पिठात, आन् चित्र केवढुसं! शिवलीला काल फोनवर म्हणली, अज्जी, या बारीला बघशील न्हवं? ह्या म्हणल्या, बघते की. आन् फोन ठेवून परत भाकरी फिरवायला लागल्या."

अक्कम्मांनी नातीला कधीच खेळताना बघितलं नव्हतं. मैदानाच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या आणि टीव्ही डोळ्यांना. मला काय वाटलं सांगू? माझी विक्री होवो न होवो, ही म्हातारी उद्या नुसती ऐकत बसणार, हे मला सहन होईना. पण मी करणार काय? पोपट दाखवण्यापलीकडे माझ्या हातात होतं काय!

सौदा ठरला. अण्णांनी दिवे लावले आणि ते बिलाचे कागद काढायला बसले. दानेश्वरीने अक्कम्मांना खुर्ची दिली तर म्हणाल्या, "नको गं, पाय लोंबकळतात." आणि दाराजवळ, कोपऱ्यात, भिंतीला पाठ टेकून सरळ फरशीवर बसल्या. घरी बसतात तशाच. मग उगाच वर बघितलं.

"अगं, त्या पोपटाची चोच लाल हाय का?"

दानेश्वरी थबकली. "कुठल्या पोपटाची अज्जी?"

"ह्या हितल्या." बोट माझ्याकडे! "त्या दुसऱ्यात तर नुसतं ताक सांडल्यागत दिसतंय."

दानेश्वरी पटकन त्यांच्या शेजारी जाऊन फरशीवर बसली. वर बघितलं आणि ओरडलीच, "अण्णा! हितं येऊन बसा!"

शिवबाई बसल्या. अनिलकुमार बसला. पोट सावरत अण्णाही बसले. दुकानाच्या कोपऱ्यात भाकरीच्या खोलीसारखी ओळ लागली. तिथनं, भर उजेडात, शेजाऱ्याचं ते काजळ कुठल्या कुठे गेलं होतं. सगळं पांढरट, धुऊन काढल्यासारखं. आणि मी? मी जसाच्या तसा. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच पाच माणसं एकदम माझ्याकडे बघत होती. छाती असती तर फुगली असती माझी.

शिवबाईंचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजे अत्ती, तुमचे डोळे चांगलेच होते? जुना टीव्हीच तसला होता? आन् आमी सहा वर्षं तुमालाच म्हणत होतो, न्हाई दिसत, न्हाई दिसत!"

"आगं, मी सुदिक तेच म्हणत हुते की," अक्कम्मा हसायला लागल्या. "असू दे. मोतीबिंदू काढला ते बरंच झालं. सुईत दोरा ओवता येतोय."

अण्णा डोकं खाजवत म्हणाले, "बारा वर्षं टीव्ही विकतोय मी. प्रत्येकाला उभं करून दाखवला. घरी उभं राहून टीव्ही बघतो कोण ओ?"

आता सगळ्यांच्या नजरा अनिलकुमारवर. त्याने एकदा शेजाऱ्याकडे बघितलं, लई प्रेमाने. एक उसासा टाकला. "अण्णा, हा द्या. पोपटवाला. पिच्चरमधलं भूत धुक्यात दिसलं तर दिसू दे." गुणी पोरगं आहे हो, उगाच नावं ठेवणार नाही मी.

आणि शेजाऱ्याची काळजी करू नका. मागेच दुधनीचे सिद्धप्पा नावाचे व्यापारी उभे होते. त्यांना माडीवरच्या बंद खोलीत, जाड पडदे ओढून, एकट्याने पिच्चर बघायचे होते. दानेश्वरीने त्यांना आधी विचारलं, "कुठं बसून बघणार? उजेड किती असतो?" आणि मगच शेजाऱ्यासमोर उभं केलं. त्यांना तो पाहताक्षणी आवडला. माझ्या मॉडेलची दुसरी पेटी नव्हती, म्हणून मलाच खोक्यात घातलं; तेव्हा मी त्याच्याकडे शेवटचं बघितलं. नऊ महिने त्याचा राग राग केला, पण जाताना वाईट वाटलं. आमच्यात वाईट कुणीच नव्हतं, फक्त घरं वेगवेगळी होती.

रविवारी सकाळी मी भिंतीवर चढलो. शिवबाईंनी माझ्या कडेवर तीन बोटं विभूती ओढली. दार सताड उघडं, बाहेर सोलापूरचं ऊन, आत पाच शेगड्या. भाकरी थापायचा धपधप आवाज सुरू. शंभर माणसांच्या जेवणाची ऑर्डर होती, काम थांबवता येणार नव्हतं.

तीन वाजले. मी मैदान दाखवलं. मुली पळत आत आल्या आणि मी जीव मुठीत धरला. दिसू दे रे बाबा हिला. आज दिसलं नाही तर माझा उपयोग काय?

"ती बघ!" अक्कम्मा ओरडल्या. अजून कुणी नाव घेतलं नव्हतं. "डावा खांदा उचलून पळती. तिच्या आज्जासारखी! आगं, कशी पळती बघ की!"

त्या शिवलीलाने काय पळावं! हुलकावणी देत, वाकत, निसटत तीन मिनिटं कुणाच्या हाताला लागली नाही. दुसऱ्या डावात खांबाशी झेप टाकून गडी बाद केला तेव्हा अक्कम्मांच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. खोलीभर धूर झाला. चाळीस वर्षांत त्यांची एक भाकरी करपली नव्हती म्हणे. अनिलकुमारने ती काळी भाकरी उचलली, खायला लागला आणि म्हणाला, "काळा रंग असा पायजे बघ!"

सामना जिंकला. बायकांनी पिठाच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या, पीठ माझ्या तोंडावर उडालं. तासाभराने फोन आला. शिवबाईंनी स्पीकर लावून अक्कम्मांच्या कानाशी धरला.

"अज्जी, बघितलंस?" शिवलीलाचा आवाज जरा घाबरतच आला. अज्जीला टीव्ही दिसत नाही, हे तिलाही ठाऊक होतं की.

"बघितलं. आन् काय गं, डावा गुडघा फुटलाय न्हवं? खांबापाशी पडलीस तवा. उठून हळूच हातानं पुसलंस, कुणाला दिसू नये म्हणून. हळद लाव आधी."

पलीकडून रडू दाबत आवाज आला. "अज्जी... हे टीव्हीवर कुणी सांगितलं नव्हतं."

"कुणी कशाला सांगाय पायजे? मी बघितलं न्हवं का!"

त्या वेळी माझ्या पडद्यावर कुठलीतरी साबणाची जाहिरात चालू होती. कुणाचंच लक्ष नव्हतं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता मी इथला झालो. कडांना पीठ बसतं, अनिलकुमार रात्री पिच्चर लावला की माझ्या करड्या काळ्यावरनं टोमणे मारतो, मी ऐकून घेतो. आता अक्कम्माच इतरांना सांगतात, "आली बघ ती, रडणार आता!"

एवढंच माझं मागणं आहे. टीव्ही आणायला जाल तेव्हा दुकानात ऐटीत उभे राहू नका. घरी बसता तसे बसा. आणि घरात जे माणूस सगळ्यात कोपऱ्यात बसतं, त्याला बरोबर न्या. आधी त्याला विचारा, दिसतंय का म्हणून.

आता उचला तो रिमोट. अक्कम्मांची मालिका लागायची वेळ झाली.