गोपीनाथ गुरुजींची डुलकी

“गुरुजी, थांबा. हे तर माझंच नाव घेतलंत तुम्ही. वडलांचं यशवंत.”

यजमान सुशांत पिंड हातात धरून बसला होता, चेहरा पांढराफटक. गोपीनाथ गुरुजींनी डोळे उघडले. भर सकाळी, दुर्गाघाटाच्या पायरीवर, मंत्र म्हणता म्हणताच त्यांना डुलकी लागली होती. तोंड चालूच राहिलं आणि जिवंत मुलगा पितरांत जाऊन बसला! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. सुशांत अर्ध्यातून उठला आणि दुसऱ्या गुरुजींकडे गेला.

“रात्रभर घोडे विकून झोपता,” घरी बायको पद्मा म्हणाली, “तरी घाटावर झोप येते कशी हो तुम्हाला?”

“आई, बस कर. बाबा, उद्या डॉक्टरकडे चलायचंय. नो बहाना,” मुक्ता म्हणाली. लेकीपुढे गुरुजींचं काही चालत नसे.

दवाखान्यात डोक्याला वायरी लावून त्यांना एक रात्र झोपवलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, “पंडितजी, आप सोए ही कहाँ?” झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. मग मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू करतो, की पुन्हा झोप. तासाला बेचाळीस वेळा.

“मला तर एकदाही जाग आल्याचं आठवत नाही.”

“आप नहीं जागते, दिमाग जागता है. तभी तो मेरे सामने बैठे हैं.”

शेजारी बसलेल्या पद्मानं कपाळावर हात मारला. ‘आमच्याकडे चोर फिरकायचा नाही’ म्हणून गल्लीभर त्यांच्या घोरण्याचं कौतुक तीच सांगत आली होती.

डॉक्टरांनी झोपताना लावायला सांगितलेलं श्वासाचं मशीन यायला आठवडा होता. दुसऱ्याच दिवशी साताऱ्याचे विष्णुपंत आईच्या वर्षश्राद्धासाठी आले. पद्मा दारात कुजबुजली, “त्यांना काही सांगू नका. गल्लीत कळलं तर कोण येईल आपल्याकडे?”

गुरुजी घाट उतरले. आसन मांडलं, दर्भ ठेवले, आणि म्हणाले, “विष्णुपंत, मला झोपेचा आजार आहे. मंत्रात डोळा लागतो. दुसरे गुरुजी हवे असतील तर मीच बोलावून आणतो. नाहीतर आईंचं नाव येईल तिथे मी थांबेन. ते तुम्ही म्हणायचं.”

विष्णुपंत धोतर सावरून खाली बसले. “करा सुरू.”

नावाची जागा आली. गुरुजी थांबले. विष्णुपंतांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. सत्तरीच्या त्या माणसानं आईचं नाव जन्मात कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

गुरुजी डोळे सताड उघडे ठेवून वाट बघत राहिले.

“सीता,” विष्णुपंत म्हणाले.